मुंबईकडे आधी काय मागायचे?

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात राज्य मंत्रिमंडळाचा विस्तार झाला आणि कृष्णाकाठच्या दोन शेजारी जिल्ह्यांच्या पदरात अगदी उलट गोष्टी पडल्या. साताऱ्याला एकदम चार कॅबिनेट मंत्री मिळाले: शिवेंद्रसिंहराजे भोसले, शंभूराज देसाई, जयकुमार गोरे आणि मकरंद पाटील. सांगलीला एकही नाही. पुढच्या महिन्यात सांगलीला पालकमंत्री मिळाले ते चंद्रकांत पाटील. मूळचे कोल्हापूरचे आणि निवडून आलेले पुण्याच्या कोथरूडमधून.

आता सातारा शहराची चंगळ आणि सांगलीची उपेक्षा, असा हिशेब कुणीही मांडेल. पण खाती पाहिली की हा हिशेब तितका सरळ राहत नाही. साताऱ्याच्या चौघांकडे सार्वजनिक बांधकाम, पर्यटन, ग्रामविकास आणि मदत व पुनर्वसन ही खाती आली. नगरपालिका आणि महापालिकांची नाडी ज्या नगरविकास विभागाच्या हातात असते, तो विभाग उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्याकडे राहिला. म्हणजे सातारा असो की सांगली, शहराच्या पाण्यासाठी, गटारासाठी आणि नोकरभरतीसाठी दार एकच ठोठावायचे.

प्रश्न त्याच्या आधीचा आहे. दार ठोठावल्यावर आधी मागायचे काय? सांगलीला पुराचा बंदोबस्त हवा, पिण्याचे चांगले पाणी हवे, कुपवाडला भुयारी गटार हवे. साताऱ्याला हद्दीत नव्याने आलेल्या वस्त्यांना रस्ते-नळ हवेत, कासचे वाढीव पाणी घरापर्यंत पोचवायचे आहे. यातले पहिले कोणते आणि पाचवे कोणते, हे कोण ठरवते?

मागावे का लागते

७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांच्या कारभाराला घटनेत जागा मिळाली. बाराव्या अनुसूचीत पाणीपुरवठ्यापासून झोपडपट्टी सुधारणेपर्यंत अठरा विषय आहेत. मात्र हे विषय शहरांकडे किती आणि कसे सोपवायचे, हे राज्य विधिमंडळाने ठरवायचे आहे. त्यामुळे सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाने चालते आणि सातारा नगरपरिषद १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने. महासभेने एकमताने केलेला ठरावसुद्धा राज्य सरकार कलम ४५१ खाली निलंबित किंवा रद्द करू शकते. नगरपरिषदेचा ठराव कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात.

पैशाचेही तसेच. एके काळी जकात नाक्यावर रोज रोकड जमा व्हायची. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर तोही गेला. १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला आणि महापालिकेला राज्याकडून भरपाईचा हप्ता मिळू लागला. घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्याचे शुल्क सोडले तर महापालिकेच्या हाती स्वतःचे फारसे काही उरत नाही. त्यातून पगार, पेन्शन, वीजबिल आणि कचरा उठाव भागतो. शंभर-दोनशे कोटींची योजना त्यातून उभी राहत नाही.

म्हणून पाठपुरावा. तो चार प्रकारच्या गोष्टींसाठी करावा लागतो. पहिला पैसा. दुसरी परवानगी: हद्दवाढ, आकृतिबंध (पालिकेतल्या पदांचा आराखडा), विकास आराखडा, सरकारी जागेचे हस्तांतरण. तिसरा प्रकार शहराच्या हद्दीबाहेरच्या गोष्टींचा: धरणातला विसर्ग, रेल्वेचा पूल, राष्ट्रीय महामार्ग. आणि चौथा, सरकारचा एखादा निर्णय थांबवण्याचा किंवा बदलून घेण्याचा. वर्तमानपत्रात पहिल्याच प्रकाराच्या बातम्या जास्त येतात. शहराचे भवितव्य मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात अडकलेले असते.

साताऱ्याची चाळीस वर्षे

परवानगीचे उत्तम उदाहरण म्हणजे साताऱ्याची हद्दवाढ. ही नगरपालिका १८५३ ची, राज्यातल्या जुन्या पालिकांपैकी एक. शहर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढत गेले, पालिकेची हद्द मात्र होती तिथेच राहिली. शाहूपुरी, विलासपूर, शाहूनगर ही उपनगरे दिसायला सातारा, कागदावर सातारा नव्हती. काही भाग तर ना पालिकेत ना ग्रामपंचायतीत, त्याला लोक त्रिशंकू भाग म्हणत. तिथल्या माणसाने गटार तुंबल्याची तक्रार करायची तरी कुठे?

हद्दवाढीचा प्रस्ताव सुमारे चार दशके फिरत राहिला. एका रुपयाचाही निधी न लागणारी ही मागणी होती. राज्य सरकारची अधिसूचना पुरेशी होती. तरी ती मागे पडत राहिली, कारण हद्द बदलली की मतदारांची गणिते बदलतात. ग्रामपंचायतींना आपली सत्ता सोडायची नसते आणि नव्या रहिवाशांना शहराची घरपट्टी नको असते. शिवाय साताऱ्याच्या राजकारणात खासदार उदयनराजे भोसले यांची सातारा विकास आघाडी आणि शिवेंद्रसिंहराजेंची नगरविकास आघाडी असे दोन गट वर्षानुवर्षे समोरासमोर. शहराची मागणी एकच, पण ती मुंबईला जाताना दोन वेगवेगळ्या लेटरहेडवर जायची.

अखेर सप्टेंबर २०२० मध्ये अधिसूचना निघाली. त्यानंतर श्रेय कुणाचे यावर शहरात बराच काळ चर्चा रंगली. त्या चर्चेत एक गोष्ट मागे राहिली: हद्द वाढली की मागण्यांची यादीही वाढते. नव्या भागाला पाणी, पथदिवे, कचरागाड्या, सफाई कामगार हवेत. त्यासाठी वाढीव पदे हवीत आणि पदांना मंजुरी पुन्हा मुंबईचीच. एक परवानगी मिळवताना तिच्यामागून येणाऱ्या चार मागण्या आधीच मांडून ठेवल्या असत्या तर पुढची धावपळ बरीच वाचली असती.

कास तलावाची गोष्ट याच्याशी जुळते. ब्रिटिश काळापासून सातारकरांना कासचे पाणी गुरुत्वाने, म्हणजे पंपाशिवाय मिळते. धरणाची उंची वाढवून साठा सुमारे पाचपट करण्याचे काम २०१८ मध्ये सुरू झाले. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतल्या पश्चिम घाटाचा भाग आहे, त्यामुळे इथे नुसता निधी पुरत नाही, वन आणि पर्यावरणाच्या परवानग्याही लागतात. वाढलेले पाणी शहरात आणायला मोठी जलवाहिनी हवी, म्हणजे आणखी एक प्रस्ताव. तलाव, जलवाहिनी, जलशुद्धीकरण केंद्र आणि वितरणाचे जाळे ही एकाच योजनेची चार अंगे. पण सरकारदरबारी ती बहुतेक चार वेगवेगळ्या फायली होऊन फिरतात.

सांगलीचे तीन दावेदार

सांगलीत क्रम लावणे आणखी कठीण. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड एकत्र करून महापालिका झाली. तिन्ही गावांचा स्वभाव निराळा, गरजा निराळ्या. २०११ च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती आणि महासभेत ७८ नगरसेवक. विधानसभेला शहर सांगली आणि मिरज अशा दोन मतदारसंघांत विभागलेले. साहजिकच मागण्यांच्या यादीत सांगलीचे एक काम आले की मिरजेचे एक येते आणि कुपवाड रांगेत मागे राहते. सुमारे अडीचशे कोटींची कुपवाड भुयारी गटार योजना राज्याने मंजूर केली ती विलीनीकरणाला वीस वर्षांहून अधिक काळ उलटल्यावर.

सांगलीचा सर्वांत मोठा प्रश्न तर शहराच्या हद्दीत सुटणाराच नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. तिथली धोका पातळी ४५ फूट आहे. २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. कोयनेतून किती पाणी सोडायचे, कर्नाटकातल्या अलमट्टीत किती साठवायचे, पंचगंगा आणि वारणेचा फुगवटा कधी उतरेल, यांतले एकही सूत्र महापालिका आयुक्तांच्या हाती नाही. राज्याने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये तिचा अहवाल आला. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याच्या कर्नाटकच्या हालचालींविरुद्ध मे २०२५ मध्ये अंकली पुलाजवळ सर्वपक्षीय चक्काजाम झाला. कृष्णा पाणीतंटा लवाद, सर्वोच्च न्यायालय, दोन राज्य सरकारे आणि केंद्र अशा पातळीवरचा हा विषय आहे.

मग महापालिकेने इथे मागायचे काय? अलमट्टीवर ठराव करणे सोपे असते आणि तो एकमताने होतो. पण जे काम महापालिका स्वतः करू शकते, म्हणजे पूरपट्ट्यातले नाले मोकळे करणे, पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था, पूररेषेतल्या बांधकामांना आवर, त्यासाठी लागणारा पैसा आणि अधिकार मागणे अवघड जाते. कारण निळ्या पूररेषेतली घरे मतदारांचीच असतात.

पाण्याचा विषय आणखी गुंतागुंतीचा. शेरीनाल्याचे सांडपाणी कृष्णेत मिसळते, ही सांगलीची कित्येक वर्षांची दुखरी जागा. ते पाणी उचलून, प्रक्रिया करून धुळगावच्या शेतीला देण्याची योजना आली, खर्च झाला, पण नदीत जाणारे सांडपाणी पूर्ण थांबले नाही. दुसरीकडे पिण्याचे पाणी कृष्णेऐवजी वारणेतून आणावे, अशी मागणी आहे. कुणी म्हणते थेट चांदोली धरणातून आणावे. कृष्णा स्वच्छ करायची की कृष्णा सोडून दुसरी नदी गाठायची? दोन्हींसाठी एकाच वेळी पाठपुरावा केला तर मंत्रालयातला अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारणार. हा निवाडा शहराने घरीच करायला हवा. तो न करता दोन्ही निवेदने मुंबईला पाठवली की एकाही फाइलला जोर येत नाही.

क्रम प्रत्यक्षात कसा लागतो

पुस्तकी वाट अशी: नगरसेवकाची मागणी, खात्याचे अंदाजपत्रक, आयुक्तांची टिपणी, महासभेचा ठराव, सविस्तर प्रकल्प अहवाल, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाची तांत्रिक मान्यता, नगरविकास विभागाची प्रशासकीय मान्यता आणि शेवटी शासन निर्णय. या वाटेवर कुठेही ‘आधी हे, मग ते’ असे ठरवणारा थांबा नाही. म्हणून क्रम चार गोष्टींमुळे लागतो.

पहिली गोष्ट, कोणत्या योजनेचे दार उघडे आहे. केंद्राने २०१५ मध्ये ‘अमृत’ योजना आणली, ऑक्टोबर २०२१ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. राज्याची नगरोत्थान योजना आहे. पाणी आणि मलनिस्सारणासाठी पैसे उपलब्ध असले की शहराची गरजही पाणी आणि मलनिस्सारण होऊन जाते. बाजारपेठेची, वाहनतळाची किंवा दवाखान्याची निकड त्या वर्षी कितीही मोठी असो, तिला खिडकी नसते.

दुसरी, पालिकेचा स्वतःचा हिस्सा. अशा योजनांत सरकारचे अनुदान पूर्ण नसते, उरलेला वाटा पालिकेच्या वर्गाप्रमाणे तिने घालायचा असतो. शंभर कोटींच्या कामात तीस कोटींचा हिस्सा आला तर तो आणायचा कुठून, याचे उत्तर फाइलसोबत नसेल तर मंजुरी मिळूनही काम रखडते. योजना मंजूर झाल्याच्या बातमीत हा आकडा क्वचितच असतो.

तिसरी, आमदारांचे पत्र. महापालिका क्षेत्रातल्या मूलभूत सोयी-सुविधा, नगरपरिषदांना वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचे विशेष अनुदान, अशा लेखाशीर्षांखाली रस्ते, गटारे, सभामंडप, बगीचे यांच्या कामांच्या याद्या मंजूर होतात. त्या याद्या बहुधा लोकप्रतिनिधींच्या शिफारशीने बनतात. शासन निर्णय निघतो तेव्हा त्यात कामाचे नाव, प्रभाग आणि रक्कम छापून येते. काम शहराला नको असते असे नाही. पण शहराच्या गरजांत त्याचा नंबर कितवा, हे कुणी विचारलेले नसते.

चौथी, तारखा. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये, पावसाळी अधिवेशन जून-जुलैच्या सुमारास, हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला. पुरवणी मागण्यांत रक्कम घालायची असेल तर अधिवेशनाच्या आधी प्रस्ताव तयार हवा. आमदाराच्या हाती तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, औचित्याचा मुद्दा अशी आयुधे असतात. लक्षवेधी लागली की मंत्र्याला सभागृहात निवेदन करावे लागते आणि त्यासाठी विभाग जिल्ह्यातून माहिती मागवतो. धूळ खात पडलेली फाइल त्या आठवड्यात अचानक हलते. पण प्रश्नासाठी लागणारी कागदपत्रे पालिकेनेच आमदाराच्या हाती वेळेत द्यायची असतात. अनेक पालिकांत या कामासाठी वेगळा माणूस नसतो, वेगळा कक्ष तर दूरच.

या सगळ्यात एक प्रकारची मागणी कायम तळाला जाते. आकृतिबंधाची मंजुरी, रिक्त पदांची भरती, आस्थापना खर्चाच्या ३५ टक्के मर्यादेतून सूट. अभियंते कमी असतील तर प्रकल्प अहवाल होत नाहीत, अहवाल नसेल तर निधी येत नाही. तरी पदे मंजूर करून आणल्याबद्दल चौकात अभिनंदनाचा फलक लागत नाही, त्यामुळे ही मागणी कुणी पुढे रेटत नाही.

वजन असूनही

सांगली-साताऱ्याच्या नेत्यांना मुंबईत वजन नव्हते, असे कुणी म्हणणार नाही. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, पृथ्वीराज चव्हाण हे मुख्यमंत्री याच मुलखातले. जयंत पाटील, आर. आर. पाटील आणि पतंगराव कदम हे सांगली जिल्ह्यातले तिघे एकाच वेळी मंत्रिमंडळात होते. जयंत पाटलांकडे १९९९ पासून २००८ पर्यंत अर्थखाते होते. पण या तिघांचे मतदारसंघ ग्रामीण होते. जिल्ह्याची राजकीय ताकद कित्येक वर्षे टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांमागे उभी राहिली, आणि दुष्काळी तालुक्यांची तहान पाहता त्यात वावगे काही नव्हते. शहर मात्र जिल्ह्याच्या मागण्यांत आपला वेगळा क्रमांक सांगू शकले नाही.

शहरांचा आवाज विधिमंडळात जावा म्हणून घटनेने एक सोयही करून ठेवली आहे. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांचे सदस्य निवडून देतात. सातारा-सांगली असा त्यातलाच एक संयुक्त मतदारसंघ. कल्पना जुनी आहे: १८९५ मध्ये मध्य विभागातल्या लोकल बोर्डांनी लोकमान्य टिळकांना मुंबई कायदे मंडळावर पाठवले होते आणि सातारा जिल्हा त्याच विभागात मोडत असे. २०१६ मध्ये काँग्रेसचे मोहनराव कदम यांनी राष्ट्रवादीचे शेखर गोरे यांना ६३ मतांनी हरवून सातारा-सांगलीची जागा जिंकली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांची मुदत संपली आणि पुढची तीन वर्षे ही जागा रिकामीच राहिली. निवडणूक घ्यायची तर मतदार म्हणून किमान ७५ टक्के संस्था आणि सदस्य अस्तित्वात असावे लागतात. इथे नगरसेवकच नव्हते. साताऱ्यात २०२१ च्या अखेरीपासून आणि सांगलीत ऑगस्ट २०२३ पासून प्रशासक होते. महासभा तेच, स्थायी समिती तेच, ठराव मांडणारे आणि मंजूर करणारेही तेच. शहराने काय मागावे यावर जाहीर वाद घालायला सभागृहच उरले नाही.

यादी उघड असते तेव्हा

अमेरिकेतल्या अनेक शहरांत मागण्यांचा क्रम लावण्याचे हे काम लेखी आणि उघडपणे होते. सॅन फ्रान्सिस्कोत राज्य कायद्यांविषयी शहराची भूमिका ठरवणारी एक समिती आहे. तिच्यात महापौर, शहराचे सभागृह, शहराचे वकील, कोषाध्यक्ष अशांचे प्रतिनिधी बसतात आणि बैठका लोकांसाठी खुल्या असतात. सिएटलमध्ये राज्य विधिमंडळासाठी शहराचा अधिकृत कार्यक्रम तयार होतो आणि त्यासाठी स्वतंत्र कार्यालय आहे. कॅलिफोर्नियातल्या शहरांनी तर १८९८ मध्येच आपला संघ काढला. तिथेही पैसेवाल्यांचे दबावगट आहेत, ओढाताण आहे. तरी शहराने या वर्षी काय मागितले आणि त्यातले काय मिळाले, हे नागरिकाला ताडून पाहता येते.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा लागत नाही. महासभेला किंवा नगरपरिषदेला ठराव करण्याचा अधिकार आहेच. राज्याकडे दहा मागण्या, केंद्राकडे तीन, प्रत्येकीसमोर अपेक्षित खर्च, पालिकेचा हिस्सा, फाइल सध्या कुठे आहे आणि पाठपुरावा कोण करणार, एवढे दोन पानांत मावते. जिल्हा नियोजन समितीत नगरसेवकांचे प्रतिनिधी असतात, राज्य वित्त आयोगापुढे पालिका निवेदन देऊ शकते. तिथेही हीच दोन पाने नेता येतील. आमदार-खासदारांचे गट दोन असोत वा चार, सभागृहाने क्रम लावून दिला की त्यांनाही सोयीचे क्रमांक निवडून पुढे जाणे अवघड होते.

नगरपरिषदांसाठी २ डिसेंबर २०२५ रोजी आणि महापालिकांसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. सातारा आणि सांगली दोन्हीकडे सभागृहे पुन्हा भरली. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला रस्ता आणि नळ विचाराच. पण सोबत आणखी एक गोष्ट मागा. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या आधी शहराच्या मागण्यांची क्रमवार यादी महासभेत मंजूर करून ती पालिकेच्या संकेतस्थळावर आणि प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर लावा, असे त्याला लेखी कळवा आणि पोच घ्या.